हॅमस्टरची बाटली भरलेली आहे, पण तो पाणी पितोय का?

सकाळची घाई आहे. मुलांचे डबे भरून झाले, गॅसवर दूध चढलंय. जाता जाता तुम्ही हॅमस्टरच्या पिंजऱ्याकडे नजर टाकता. पाण्याची बाटली भरलेली दिसते. ‘चला, पाणी आहे,’ असं म्हणून तुम्ही पुढच्या कामाला लागता. दुसऱ्या दिवशीही बाटली तेवढीच भरलेली. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणते, ‘‘आई, हा काल रात्री चाकावर धावलाच नाही गं.’’ तेव्हा कुठे तुम्ही बाटलीच्या नळीला बोट लावून पाहता. नळीच्या तोंडाशी असलेली गोळी पांढऱ्या क्षारांनी घट्ट बसलेली असते. पाणी पिंजऱ्यात होतं, पण त्या जिवापर्यंत पोहोचत नव्हतं.

हॅमस्टर पाळणाऱ्या घरात ही चूक फार सहज होते. कुत्र्याला तहान लागली तर तो रिकामं भांडं पायाने ढकलतो. मांजर तुमच्या पायांत घुटमळते. हॅमस्टर यातलं काहीच करत नाही. तो निसर्गात घुबड, साप, कोल्हा अशा शिकाऱ्यांचं भक्ष्य असलेला प्राणी आहे. त्यामुळे अशक्तपणा लपवणं हा त्याचा स्वभावच असतो. त्यातून तो दिवसा झोपतो आणि तुम्ही झोपल्यावर पाणी पितो. म्हणजे तो पाणी पिताना दिसत नाही आणि पीत नसेल तर तेही दिसत नाही. म्हणूनच त्याच्या पाण्याची काळजी तुम्हाला ठरवून, रोज घ्यावी लागते.

कोरड्या प्रदेशातला प्राणी, म्हणून कमी पाणी?

‘हॅमस्टर वाळवंटातला असतो, त्याला पाणी लागतच नाही,’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. यात थोडं खरं आहे, पण बाकीचं घातक आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त पाळला जातो तो सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर. तो मूळचा उत्तर सीरिया आणि दक्षिण तुर्कस्तानातला. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली आणि जेरुसलेमला नेली. आज जगभरात पाळले जाणारे बहुतेक सीरियन हॅमस्टर त्या छोट्याशा कुटुंबाचे वंशज मानले जातात. आकाराने लहान असलेले ड्वार्फ हॅमस्टर, म्हणजे कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की, हे मंगोलिया, कझाकस्तान, सायबेरिया अशा मध्य आणि उत्तर आशियातल्या कोरड्या, थंड प्रदेशांतले.

अशा प्रदेशात राहणाऱ्या या प्राण्यांची मूत्रपिंडं पाणी जपून वापरतात. त्यांची लघवी दाट असते. दिवसभर ते जमिनीखालच्या थंड, दमट बिळात राहतात, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी खर्च होतं. रात्री बाहेर पडल्यावर त्यांना हिरवी पानं, कोंब, किडे आणि गवतावरचं दव यांतूनही पाणी मिळतं.

तुमच्या घरी मात्र त्याला काय मिळतं? कोरडे दाणे, बिया आणि पॅकेटमधलं कोरडं खाद्य. दव नाही, कोवळे कोंब नाहीत आणि बिळाचा गारवाही नाही. त्यामुळे पिंजऱ्यातल्या हॅमस्टरला पाणी प्यावंच लागतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हॅमस्टर गालाच्या पिशव्यांत धान्य भरून साठा करू शकतो, पण पाणी साठवू शकत नाही. खाद्याची वाटी एक दिवस रिकामी राहिली तर त्याच्या साठ्यात काहीतरी असतं. पाण्याला मात्र असा साठा नाही.

रोज किती पाणी लागतं?

साधा हिशेब असा, की दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण १० मिलिलिटर पाणी. सीरियन हॅमस्टरचं वजन बहुधा १०० ते १५० ग्रॅम असतं, म्हणजे त्याला दिवसाला १० ते १५ मिलिलिटर पाणी लागतं. आपल्या स्वयंपाकघरातला चहाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा धरला, तर हे झाले दोन ते तीन चमचे. ड्वार्फ हॅमस्टर २५ ते ५० ग्रॅमचा असतो, त्याला अर्धा ते एक चमचा पुरतो. रोबोरोव्स्की तर त्याहूनही लहान, २० ते २५ ग्रॅमचा.

हा आकडा दगडावरची रेघ नाही. ज्या दिवशी काकडीचा तुकडा खाल्ला त्या दिवशी तो कमी पाणी पिईल. उन्हाळ्यात जास्त पिईल. पिल्लांना दूध पाजणारी मादी तर नेहमीपेक्षा बरंच जास्त पिते. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या हॅमस्टरची नेहमीची सवय काय आहे, हे माहीत असणं महत्त्वाचं.

ते कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. बाटलीवर पाण्याच्या पातळीशी मार्करने रेघ मारा किंवा चिकटपट्टी लावा. चोवीस तासांनी पातळी किती उतरली ते पाहा. घरात स्वयंपाकाचा डिजिटल वजनकाटा असेल तर आणखी सोपं. एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम असतं. काल आणि आज बाटलीचं वजन केलं की किती पाणी कमी झालं ते लगेच कळतं. मात्र बाटलीखालचा भुसा कोरडा आहे ना, हे आधी पाहा. नाहीतर गळालेलं पाणी तुम्ही प्यायलेलं समजाल. आठवडाभर असं मोजलं की तुमच्याकडे तुमच्या हॅमस्टरचं खरं माप तयार होईल. पुढे कधी बिघडलं तर हेच माप डॉक्टरांना सांगता येईल.

बाटली की वाटी?

पेट शॉपमध्ये पिंजऱ्याबरोबर बहुतेक वेळा बाटलीच मिळते. ती उलटी टांगायची असते, खाली धातूची नळी असते आणि नळीच्या तोंडाशी एक छोटी गोळी असते. हॅमस्टर जिभेने गोळी हलवतो आणि थेंब थेंब पाणी येतं. यात पाणी झाकलेलं राहतं, त्यात भुसा किंवा लेंड्या पडत नाहीत आणि ते सांडत नाही. तोटा तोच, जो आपण सुरुवातीला पाहिला. गोळी अडकली तर बाहेरून काहीच कळत नाही.

वाटीत पाणी कमी झालेलं चटकन दिसतं आणि हॅमस्टरला मान खाली घालून नैसर्गिकपणे पिता येतं. म्हाताऱ्या किंवा दात दुखणाऱ्या हॅमस्टरलाही वाटी सोपी जाते. मात्र वाटीत भुसा पडतो, तो तिच्यात पाय घालतो, कधी माती-भुसा उकरून ती बुजवूनही टाकतो. पाणी दिवसातून दोनदा बदलावं लागतं.

वाटी ठेवणार असाल तर ती जड, चिनीमातीची आणि पसरट असावी. चटणी वाढायची लहान, जाड बुडाची वाटी चालते. पाणी एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल नको. ड्वार्फ हॅमस्टरसाठी त्याहूनही उथळ ठेवा. प्लास्टिकची हलकी वाटी तो उलटी करतो आणि मग भुसाही ओला, पाणीही गेलं. वाटी भुशावर न ठेवता सपाट लादीच्या तुकड्यावर किंवा लाकडी फळीवर ठेवली तर ती स्वच्छ राहते.

हॅमस्टरला भिजू देऊ नका, ही यातली सर्वांत मोठी सावधगिरी. इतक्या लहान शरीरातली ऊब ओल्या केसांमुळे झपाट्याने निघून जाते आणि तो गारठून आजारी पडतो. म्हणून ‘उन्हाळा आहे, पाण्यात खेळू दे’ असं कधीही करू नका. त्याला अंघोळही घालू नका. अंग स्वच्छ ठेवायला त्याला कोरड्या, स्वच्छ वाळूची बशी पुरते.

मग निवड कोणती करायची? शक्य असेल तर दोन्ही ठेवा. एक बिघडलं तर दुसरं असतं. बाटलीची सवय असलेल्या हॅमस्टरला वाटीवर आणायचं असेल, तर निदान आठवडाभर दोन्ही असू द्या. तो नव्या ठिकाणाहून नीट पितोय अशी खात्री झाल्याशिवाय जुनं काढू नका.

बाटली गळते का आणि अडते का?

बाटली कशी चालते हे एकदा समजलं, की तिचे निम्मे प्रश्न सुटतात. भरलेली बाटली उलटी केली की थोडं पाणी टपकतं आणि वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब मग पाण्याला आत धरून ठेवतो. हॅमस्टर गोळी हलवतो तेव्हा थोडं पाणी बाहेर येतं आणि हवेचा एक बुडबुडा वर जातो. त्यामुळे बाटली लावल्यावर सुरुवातीचे काही थेंब पडले तर घाबरू नका. बाटली आधी बेसिनवर उलटी धरा, थेंब थांबले की मगच पिंजऱ्याला लावा.

थेंब थांबतच नसतील तर झाकण घट्ट नाही, आतली रबरी चकती सरकली आहे किंवा बाटलीला बारीक तडा गेला आहे. आणखी एक कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. बाटली अर्धी रिकामी असेल तर तिच्यात हवा जास्त असते. दुपारी खोली तापली की ती हवा प्रसरण पावते आणि पाण्याला खाली ढकलते. म्हणून उन्हाळ्यात अर्धी बाटली जास्त गळते. रोज ती काठोकाठ भरा आणि खिडकीच्या उन्हात टांगू नका. उन्हामुळे तिच्यात हिरवं शेवाळही धरतं.

नळीचं तोंड भुशाला टेकलेलं असेल तर भुसा दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढत राहतो. सकाळी बाटली रिकामी आणि खालचा भुसा चिंब. तुम्हाला वाटतं, किती पाणी प्यायला! प्रत्यक्षात तो तहानलेलाच असतो. ओल्या भुशाला बुरशी लागते, लघवीचा उग्र वास वाढतो आणि त्याने पुरून ठेवलेले दाणे कुजतात. म्हणून नळी आणि भुसा यांत अंतर ठेवा आणि बाटली त्याच्या झोपायच्या घरावर कधीच टांगू नका.

उंचीही महत्त्वाची आहे. हॅमस्टर चारही पायांवर उभा राहून मान किंचित वर करून पिऊ शकेल, इतक्या उंचीवर नळीचं तोंड हवं. मागच्या पायांवर ताणून उभं राहावं लागत असेल तर बाटली खाली घ्या. तो रोज भुसा इकडेतिकडे उकरतो, त्यामुळे आज बरोबर असलेली उंची उद्या चुकू शकते. ड्वार्फ हॅमस्टरसाठी लहान गोळीची बाटली घ्या. मोठ्या बाटलीची जड गोळी त्याला हलवताच येत नाही.

आणि रोजची एक चाचणी. संध्याकाळी नळीच्या गोळीला बोटाच्या टोकाने दोन-तीनदा हलकेच दाबा. बोट ओलं झालं आणि बाटलीत बुडबुडा वर गेला, म्हणजे सगळं ठीक. या चाचणीला पाच सेकंद लागतात, पण जीव वाचवणारी चाचणी हीच आहे. ती संध्याकाळीच करा, कारण त्याचा दिवस तेव्हा सुरू होतो.

कोणतं पाणी द्यावं?

जे पाणी तुम्ही स्वतः निर्धास्तपणे पिता, तेच त्याला द्या. फिल्टरचं, प्युरिफायरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी चालतं. त्याच्यासाठी वेगळं बाटलीबंद पाणी विकत आणायची गरज नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत असेल तर उकळूनच द्या. पाणी खोलीच्या तापमानाचं असावं. फ्रिजमधलं गार पाणी किंवा बर्फ नको.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात क्षार जास्त असतात. घरच्या गीझरवर, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल, तर तोच थर बाटलीच्या गोळीवरही धरणार हे समजा. अशा घरांत प्युरिफायरचं पाणी वापरलं तर बाटली कमी वेळा अडते.

पाण्यात साखर, मीठ, मध, ग्लुकोज पावडर किंवा ताक घालू नका. दूध तर नकोच, ते बाटलीत नासतं आणि पोट बिघडवतं. बाजारात पाण्यात मिसळायचे व्हिटॅमिनचे थेंब मिळतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तेही घालू नका. त्यांनी पाण्याची चव बदलते आणि हॅमस्टर पाणीच कमी पिऊ लागतो, शिवाय बाटलीत जंतू लवकर वाढतात. त्याला हवं फक्त स्वच्छ, साधं पाणी.

बाटलीची स्वच्छता

बाटलीत पाणी शिल्लक असलं तरी रोज ओतून ताजं भरा. वरून भर घालत राहू नका. ओतलेलं पाणी कुंडीतल्या रोपांना घाला, वाया जाणार नाही.

आठवड्यातून एकदा बाटली नीट धुवा. आत हात जात नसेल तर चमचाभर कच्चे तांदूळ आणि थोडं कोमट पाणी घालून जोरात हलवा. आतला बुळबुळीत थर निघून येतो. नंतर एकही दाणा आत राहू देऊ नका. नळीसाठी बारीक ब्रश किंवा कानात घालायची कापसाची काडी वापरा. गोळीवर क्षार धरले असतील तर नळी अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, गोळी आत ढकलून हलवा आणि मग वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. भांड्याचा साबण वापरलात तर तोही पूर्ण निघाला पाहिजे. हॅमस्टरची बाटली घासायला वेगळा ब्रश ठेवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

प्लास्टिकच्या बाटलीवर ओरखडे पडले किंवा दातांचे व्रण दिसले तर ती बदला. ओरखड्यांत जंतू धरून राहतात आणि कुरतडलेलं प्लास्टिक पोटात जाऊ शकतं. घरात एक जादा बाटली धुऊन ठेवलेली असली की ऐनवेळी धावपळ होत नाही.

काकडी दिली, मग पाणी नको?

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. म्हणून काहीजण ‘काकडी दिली आहे, पाणी एक दिवस नसलं तरी चालेल’ असं समजतात. असं करू नका. काकडी हा पाण्याला जोड आहे, पर्याय नाही. एकदम जास्त रसदार भाजी पोटात गेली की हॅमस्टरला जुलाब होतात आणि जुलाबात शरीरातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

सीरियन हॅमस्टरला नखाएवढे एक-दोन तुकडे, ड्वार्फला त्याच्या निम्मे, इतकं पुरे. भाजी नीट धुवा आणि सकाळी उरलेले तुकडे काढून टाका, नाहीतर तो ते बिळात लपवतो आणि ते तिथे सडतात. संत्रं, लिंबू, कांदा आणि लसूण देऊ नका. गोड फळं ड्वार्फ हॅमस्टरला टाळलेलीच बरी, कारण त्यांच्यात मधुमेहाची प्रवृत्ती असते.

उन्हाळा आणि हिवाळा

हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. नागपूर, दिल्ली, हैदराबादच्या मे महिन्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याची परीक्षा कळेल. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. खोली ३० अंशांच्या वर गेली की त्याला उष्माघाताचा धोका असतो. तो लांब पसरून पडतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, चालताना डगमगतो.

अशा दिवसांत पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीजवळ ठेवा. पाण्याच्या दोन जागा ठेवा आणि दुपारीही एकदा तपासा. गोठवलेली पाण्याची बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. आत फरशीचा एक तुकडा ठेवलात तर तो त्यावर पोट टेकून बसेल. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट अंगावर नको. उष्माघाताची शंका आली तर त्याला लगेच गार जागी हलवा, पाणी तोंडाजवळ ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाच्या पाण्यात बुडवण्याची चूक करू नका.

हिवाळ्यात वेगळाच प्रश्न येतो. उत्तर भारतातल्या कडाक्याच्या थंडीत, त्यातही खाणंपिणं अपुरं असेल तर, हॅमस्टर सुस्तावस्थेत जाऊ शकतो. अंग गार पडतं, श्वास इतका मंद होतो की तो मेला असंच वाटतं. घाईने पुरायला नेऊ नका. त्याला उबदार खोलीत हलवा, हातांची ऊब द्या, मिशा हलतात का ते शांतपणे पाहा आणि डॉक्टरांना दाखवा. पूर्ण जागा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका.

कमी पितोय की जास्त पितोय?

पाणी कमी पडल्याची खूण अशी ओळखा. मानेमागची सैल कातडी चिमटीत हलकेच उचलून सोडा. निरोगी हॅमस्टरची कातडी लगेच जागेवर बसते. पाणी कमी झालं असेल तर ती सावकाश बसते. डोळे खोल गेलेले किंवा अर्धवट मिटलेले दिसतात, लेंड्या कमी आणि बारीक होतात, खाणं कमी होतं, तो रात्रीही घरातून बाहेर येत नाही. म्हाताऱ्या हॅमस्टरची कातडी मुळातच सैल असते, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

अचानक जास्त पाणी पिणं हीसुद्धा धोक्याची घंटा आहे. नेहमी दोन चमचे पिणारा हॅमस्टर चार-पाच चमचे पिऊ लागला आणि भुसा सारखा ओला दिसू लागला, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. मादीत गर्भाशयातल्या पू-संसर्गामुळेही असं होतं. मधुमेह विशेषतः कॅम्पबेल ड्वार्फमध्ये आढळतो. अशा वेळी पाणी कमी करून बघू नका. तहान हा आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे.

सर्वांत भयंकर म्हणजे ‘वेट टेल’. नुकत्याच आईपासून तोडलेल्या, दुकानातून घरी आलेल्या पिल्लांमध्ये तो जास्त दिसतो. शेपटीभोवतीचा भाग ओला आणि दुर्गंधीयुक्त, पातळ जुलाब, पाठीला कुबड, खाणं बंद. शरीरातलं पाणी इतक्या वेगाने जातं, की एक-दोन दिवसांत पिल्लू दगावू शकतं. शेपटी ओली दिसली की ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत काय करायचं? हॅमस्टर शुद्धीवर असेल तर ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या छोट्या सिरिंजने एकेक थेंब त्याच्या ओठांच्या कडेला लावा आणि त्याला स्वतः चाटू द्या. घशात पिचकारी मारू नका, पाणी फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कोरडं आणि उबदार ठेवा. गरज असेल तर डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात. सगळेच पशुवैद्य हॅमस्टर तपासत नाहीत. म्हणून तुमच्या शहरात लहान प्राणी आणि पक्षी पाहणारे डॉक्टर कोण आहेत, ते आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

नवा पाहुणा आणि पिल्लं

हॅमस्टर आणताना दुकानदाराला विचारा, ‘याला बाटलीची सवय आहे की वाटीची?’ पहिले काही दिवस तेच ठेवा. घाबरलेला हॅमस्टर नव्या घरात लांब फिरत नाही, म्हणून पाणी त्याच्या झोपायच्या जागेजवळ असू द्या. बाटलीच्या नळीवर काकडीची फोड घासली तर वासाने तो तिच्याकडे येतो आणि चाटताना पाणी मिळालं की जागा लक्षात ठेवतो.

मादीला पिल्लं झाली असतील तर तिच्या बाटलीकडे दुप्पट लक्ष द्या. पिल्लं साधारण दहा-बारा दिवसांची झाली की खायला-प्यायला बाहेर येऊ लागतात. त्यांची उंची पोहोचेल अशी आणखी एक बाटली खाली लावा. खोल वाटी मात्र ठेवू नका, पिल्लं त्यात पडून बुडतात.

गावाला जाताना

गणपतीला गावी जायचं आहे किंवा दिवाळीत चार दिवस बाहेरगावी. ‘दोन बाटल्या भरून ठेवल्या की झालं,’ असं वाटतं. पण दोन्ही बाटल्या गळू शकतात, दोन्हींच्या गोळ्या अडू शकतात. शेजारच्या काकूंना किंवा एखाद्या मित्राला रोज एकदा यायची विनंती करा. जाण्यापूर्वी त्यांना बोटाची चाचणी प्रत्यक्ष करून दाखवा आणि डॉक्टरांचा नंबर द्या. नुसतं ‘पाणी बघा हं’ म्हणून चालत नाही, कारण बघितल्यावर बाटली भरलेलीच दिसते.

त्याला बरोबर न्यायचं असेल तर गाडीच्या हादऱ्यांनी बाटली गळते आणि तो भिजतो. प्रवासात बाटली काढून ठेवा, खोक्यात काकडीचे एक-दोन तुकडे ठेवा आणि थांबाल तिथे दर वेळी पाणी दाखवा. बंद गाडीत त्याला एकटं सोडून जेवायला जाऊ नका.

हे काम मुलांचं, पण जबाबदारी मोठ्यांची

हॅमस्टर बहुतेक घरांत मुलांच्या हट्टाने येतो. पहिला महिना सगळे कौतुकाने पाणी बदलतात. मग परीक्षा येतात, क्लास सुरू होतात आणि ‘मला वाटलं दादाने भरलं’ असं होतं. हे टाळायला पिंजऱ्याशेजारी कॅलेंडर लावा. पाणी बदललं आणि गोळी तपासली, की त्या तारखेवर टिक करायची. सात-आठ वर्षांचं मूल हे आनंदाने करतं. मोजून ठेवलेल्या आकड्यांतून त्याला थोडं विज्ञानही कळतं. मात्र रात्री झोपण्यापूर्वी शेवटची नजर घरातल्या मोठ्या माणसाची हवी. मूल विसरलं तर त्याला ओरडण्याआधी पाणी भरा.

कायदाही हेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं ही क्रूरता मानली जाते. कायद्याच्या भीतीने कुणी पाणी भरत नाही, हे खरं. पण पाणी देणं हा आपल्या सवडीचा प्रश्न नसून त्याचा हक्क आहे, हे त्यातून मुलांना नक्की सांगता येतं.

हॅमस्टरचं आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं असतं. तेवढ्या काळात तो तुमच्याकडे मागतो ते फार थोडं. मूठभर दाणे, उकरायला भुसा, धावायला चाक आणि दोन-तीन चमचे ताजं पाणी. आज संध्याकाळी पिंजऱ्याजवळून जाल तेव्हा बाटली नुसती पाहू नका. नळीला बोट लावा. बोट ओलं झालं की निश्चिंत मनाने झोपा. रात्री चाकाचा आवाज आला की समजा, तुमचा छोटा सोबती मजेत आहे.